दोघांची परवानगी

प्रिय तनू,

हे पत्र मी तुझ्या मैत्रिणीच्या, सियाच्या हाती देतेय. ती शुक्रवारी हीथ्रोवरून निघते. लेहहून तुझ्या झंस्कार खोऱ्यात जाणारी कुठलीतरी जीप मिळेल, नाही मिळाली तर चालत जाईन, असं म्हणते. तुमच्या युनिव्हर्सिटीत हेच शिकवतात बहुतेक. खिंडीवर बर्फ पडून रस्ता बंद व्हायच्या आत हे तुझ्या हातात पडलं पाहिजे, असं मी तिला इतक्यांदा बजावलं की शेवटी तीच म्हणाली, "वीणा आन्टी, आय प्रॉमिस, मी आधी लेटर देणार आणि मग हॅलो म्हणणार." तेव्हा तिच्याशी बोलायच्या आधी हे वाच. सलग वाच, आणि शेवटाकडे उडी मारू नकोस. लहानपणापासूनची तुझी ती सवय मला ठाऊक आहे.

तू पडूमच्या बाजारातून फोन केलास, त्याला आता बरेच दिवस झाले. थोरल्या भिक्षुणी म्हणतात, आईवडील हयात असतील तर दोघांची परवानगी लागते, त्यांच्या हातची, कागदावर. त्याशिवाय दीक्षा देत नाहीत, असं तू एका दमात सांगितलंस. मी "बरं, बघू" म्हटलं आणि तिकडे लोकरीचे मोजे मिळतात का ते विचारलं. त्यानंतरच्या प्रत्येक फोनला मी मोज्यांवरच आहे. खरं सांगू, मला आधी हसूच आलं होतं. तेहतीस वर्षांची घोडी! डेंटिस्ट्री सोडलीस तेव्हा विचारलं नाहीस, त्या कॅलमशी ठरलेलं लग्न मोडलंस तेव्हा हॉल बुक केलेला होता तरी विचारलं नाहीस, आणि आता अडीच हजार वर्षांचा नियम आड आला तेव्हा आईची आठवण झाली. मग फोन ठेवला आणि हसू कुठल्या कुठे गेलं. आयुष्यात पहिल्यांदाच तू मला असं काही विचारत होतीस, ज्याला मी नाही म्हटलं तर ते खरंच होणार नव्हतं.

मी नाहीच म्हणणार होते. कारण ऐकलंस तर रागावशील. तू पाठवलेला तो फोटो, मठाच्या पायरीवर चार जणींच्या मधे तू, अंगावर त्यांच्यातलीच कुणाची तरी मरून शाल आणि केस पूर्ण टोपीखाली गेलेले. मला तू दिसलीच नाहीस. माझ्या वडिलांची आजी दिसली. मिरजेला आमच्याकडे तिचा एकच फोटो होता, काळापांढरा, पण त्यातला रंग आम्हाला आजीने सांगितलेला होता. आलवण. सोवळ्या बाईचं ते तांबडं लुगडं, आणि पदराखाली गुळगुळीत केलेलं डोकं. विशीच्या आत, पदरात एक मूल असताना नवरा गेला. मग न्हाव्याला बोलावून बसवली मागल्या अंगणात, आणि पुढे जन्मभर न्हावी येत राहिला. तिने पहिल्या दिवशी दोन्ही हातांनी वेणी घट्ट धरून ठेवली होती, असं आजी सांगायची. मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि त्या दिवशी पुन्हा हातात घेतला नाही. तुझ्या मैत्रिणींना त्या रंगात शांती दिसत असेल. मिरजेच्या मुलीला तो रंग बघून दुसरंच काहीतरी आठवतं, आणि ते डोक्यातून काढायला मला फार त्रास झाला.

नीनाने ते काढलं. तुझी मंडळातली नीनामावशी हेल्थ व्हिजिटर म्हणून निवृत्त झाली तरी घरोघरी जाऊन लोकांना चार गोष्टी सुनावणं तिने सोडलेलं नाही. ती म्हणाली, "अगं, तुझ्या पणजीला कुणी विचारलं होतं का? इथे बघ, पोरीला विचारतात, वर पोरीच्या आईलाही विचारतात." मी तिला म्हटलं, तू चहा पी. पण ती गेल्यावर पटलं. आणि हेही पटलं की तू लग्न करून न्यूझीलंडला गेली असतीस तर मी महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये पेढे वाटले असते, रडत रडत तुझी बॅग भरली असती, आणि तू वर्षाकाठी एकदा तोंड दाखवलंस तरी जावई चांगला आहे म्हणून सांगत फिरले असते. पाठवणी आपल्याला जमते. फक्त पलीकडे कुणीतरी न्यायला आलेलं असावं लागतं.

आणि मिस थॉर्नबींना आपल्या घरात आणलं कुणी? मीच. कौन्सिलची लायब्ररी जुनी पुस्तकं काढून टाकत होती, त्यात पहिल्या पानावर याकचं चित्र दिसलं म्हणून मी त्यांचं ते प्रवासाचं जाडजूड पुस्तक उचललं. शनिवारी दुपारी तुला आणि अनयला घेऊन बसायचे आणि वाचता वाचता मराठीत सांगायचे, म्हणजे तुमच्या कानावर तेवढंच मराठी. याकला मी केसाळ म्हैस म्हणायचे. डोकं भादरून, भिक्षुणीचा वेश करून तिबेटच्या हद्दीत शिरायला निघालेली वॉरिकशरमधल्या पाद्र्याची मुलगी! तू बाबांचा रेनकोट घालून बागेत मिस थॉर्नबी व्हायचीस आणि अनयला खेचर करायचीस. तो अजून त्याचं उट्टं काढतो. पुढे पीएचडीला तू त्या बाईला सोलून काढलंस. तिथे माणसं पिढ्यान् पिढ्या राहत होती, चहा पीत होती, भांडत होती, आणि ही म्हणते अज्ञात प्रदेश, असं तू जेवणाच्या टेबलावर हात आपटून म्हणायचीस. तुला नंतर तिच्यापेक्षा त्या भिक्षुणींचंच वेड लागलं, ज्यांनी तिला वाटेवर झंस्कारमध्ये ऐन हिवाळ्यात ठेवून घेतलं, सातूचं पीठ आणि स्वतःची पांघरुणं दिली, आणि ज्यांना तिने पुस्तकात अर्धी ओळ दिली. एकीचंही नाव नाही. त्या अर्ध्या ओळीच्या मागे तू झंस्कारला गेलीस. सहा महिन्यांचं काम म्हणून गेलीस आणि राहिलीस.

म्हणून मग मी मिस थॉर्नबींच्या गावी गेले. सप्टेंबरात, केनिलवर्थच्या पलीकडे. इतकी वर्षं आपण त्या बाईच्या गावाशेजारी राहतोय आणि तिचं चर्च कधी बघितलं नाही. त्या अरुंद रस्त्यांवर मी गाडी चालवत नाही, म्हणून नीनाला घेतलं, आणि बाबांना. मला खरं म्हणजे एकच गोष्ट बघायची होती. तिची आई. ती डोंगरात उड्या मारत होती तेव्हा घरी बसलेल्या आईचं काय झालं, हे कुठल्याच पुस्तकात नसतं. मला वाटलं, निदान थडग्यावर तरी काहीतरी असेल. चर्चमध्ये वेलिंग्टन बूट घातलेली एक म्हातारी बाई फुलं कापत होती. तिने आम्हाला भिंतीवरची पितळी पाटी दाखवली. वर वडिलांचं नाव, खाली मुलीचं. कर्तव्यदक्ष कन्या, असं मोठ्या अक्षरात, आणि प्रवासी हा शब्द शेवटी, जागा उरली म्हणून घातल्यासारखा. आई लवकरच गेली होती, ती बाई म्हणाली. वडील मात्र पुष्कळ वर्षं होते, शेवटी शेवटी माणसं ओळखत नव्हते, भिंतीशी प्रवचन करायचे. मुलीने त्यांना एक दिवस सोडलं नाही. एक दिवस नाही, असं त्या बाईने दोनदा म्हटलं, गावाला अजून त्याचा अभिमान आहे. वडिलांना पुरलं आणि त्याच महिन्यात ती जहाजावर चढली. तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती, तनू.

मी त्या पाटीसमोर उभी राहिले आणि मला भयंकर राग आला. आपल्याला वाटायचं, ही कुणी धडाडीची तरुण पोरगी. पुस्तकात ती शेवटच्या खिंडीच्या अलीकडून परत फिरते, गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून, आणि तू बागेतल्या नाटकात तो भाग बदलून तिला पलीकडे नेऊन सोडायचीस, आठवतं? ते गुडघे पन्नाशीच्या बाईचे होते. तिशीत निघाली असती तर पोचली असती. तूच एकदा सांगितलं होतंस की त्या काळातल्या अशा प्रवासिनींमध्ये कितीतरी जणी आईबाप गेल्यावरच निघालेल्या दिसतात. मी तेव्हा भाजी चिरत होते आणि हूं म्हटलं होतं. गाडीत बसताना नीना म्हणाली, किती गुणाची मुलगी हो. मी तिच्यावर खेकसले. आणि मागच्या सीटवरून बाबांनी विचारलं, "आपण कुठे चाललोय?" घरी, म्हटलं. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं.

आता सांगते. बाबांना डिमेन्शिया आहे. गेल्या वर्षी वसंतात निदान झालं, तू गेलीस त्यानंतर. आधी आम्ही दोघांनी मिळून ते हसण्यावारी नेलं, कारण ज्या माणसाने कॉव्हेंट्रीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे खुबे बदलले, त्याला चष्मा सापडत नाही यात नवल काय. मग त्यांनी इलेक्ट्रिकची किटली गॅसवर ठेवली. मग एकदा गल्लीच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि आपलं घर कुठलं ते कळेना. सकाळी बहुधा बरे असतात, मला नावाने हाक मारतात. दुपारनंतर मी कधी त्यांची थोरली बहीण असते, कधी वॉर्डमधली सिस्टर, आणि कधी नुसतीच एक बाई जिच्याशी ते फार अदबीने बोलतात. ते अदबीने बोलणं मला सर्वांत जड जातं. मेडिकलला एका बाकावर बसलेला माणूस, जन्मात मला अहोजाहो केलं नाही त्याने. तू फोनवर विचारायचीस, बाबा इतके गप्प का, आणि मी हिअरिंग एडची बॅटरी संपलीय म्हणायचे. त्यांना हिअरिंग एड नाहीये. फोनच्या मागे मी एक पुठ्ठा धरून उभी राहायचे, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायचं, तनू, झंस्कार, थंडी. ते वाचून बाबा म्हणायचे, काय म्हणतंय झंस्कार, थंडी आहे का? आणि तू खूश व्हायचीस की बाबांना ते नाव किती आवडलंय.

अनयला सगळं माहीत आहे. तो रीडिंगहून एकाआड एक शनिवारी येतो, बाबांना आंघोळ घालतो, दाढी करून देतो, आणि रविवारी परत जाताना गाडीत बराच वेळ इंजिन सुरू न करता बसून राहतो. मी वरच्या खिडकीतून बघते. त्याचं म्हणणं साधं आहे. "आई, तू तिला सांगत का नाही? शी हॅज अ राइट टु नो. आणि बाबांची काळजी तिने पण केला पाहिजे. मी एकटा किती करणार? इट्स हर टर्न." त्याचं चुकत नाही. त्याला मी सांगू शकत नाही की मला पण तू हवी आहेस. परवा सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये एक मुलगी आपल्या आईची ट्रॉली ढकलत होती, दुसरं काही नाही, ट्रॉलीच फक्त, आणि मी गाडीत बसून हुंदके देऊन रडले. बाबा शेजारी होते. त्यांनी माझी नाडी बघितली.

पण मी तुला ओळखते. माझं पित्ताशय काढलं तेव्हा तू फील्डवर्क टाकून आलीस, आणि मी हिंडूफिरू लागले तरी जाईनास. हे कळलं की तू मठाची पायरी उतरून थेट दिल्लीचं विमान पकडशील. येशील, आणि राहशील. वर्ष, दोन वर्षं, दहा. हा आजार घाई करत नाही, हे तुला कुणी सांगायला नको. तू बाबांना भरवशील, मला झोपायला पाठवशील, आणि मंडळातल्या बायका म्हणतील, किती गुणाची मुलगी हो. आणि मग एक दिवस तू आमच्याकडे बघताना मनात कुठेतरी, अगदी खोल, वाट बघायला लागशील. तू वाईट आहेस म्हणून नाही. कुणीही बघेल. मिस थॉर्नबीनेही बघितली असेल, भिंतीशी प्रवचन करणाऱ्या बापाला गरम दूध देता देता. माझ्या लेकीला माझ्या मरणाची वाट बघायला लावायची नाही, एवढंच मला त्या पाटीसमोर कळलं. म्हणून मी ठरवलं की तुला काही सांगायचं नाही. दीक्षा होऊन जाऊ दे, मग बघू.

त्याप्रमाणे मी परवानगी लिहूनही काढली. दोनच ओळी, इंग्रजीत, म्हणजे थोरल्या भिक्षुणींना कुणीतरी वाचून दाखवेल. माझी सही केली. खाली बाबांच्या सहीला जागा सोडली. त्यांची सही अजून तशीच येते, झोकदार, एका फटक्यात. पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर ते सही करतात. मागल्या आठवड्यात पिझ्झाच्या जाहिरातीवर केली. तेव्हा मला काळजी नव्हती.

काल सकाळी नाश्ता झाल्यावर मी तो कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि पेन दिलं. आज क्लिनिकचा दिवस आहे असं त्यांना वाटत होतं, स्वतःच टाय बांधून बसले होते. म्हटलं, इथे सही. त्यांनी सही केली नाही. चष्मा लावला, कागद वाचला, आणि मला विचारलं, "पेशंट कोण?" मी म्हटलं, तनू. त्या नावाने चेहऱ्यावर काही हललं नाही. "वय?" तेहतीस. "काय करायचंय?" मग मी सांगितलं. ती लांब डोंगरात राहणार आहे, केस काढणार, नाव बदलणार, परत इथे राहायला यायची नाही. मान तिरकी करून त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिला सगळं सांगितलंय ना, डॉक्टर? काही लपवलेलं नाही?" मी टेबलावरचे पावाचे कण गोळा करायला लागले. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. "मग ही कन्सेंट होत नाही. आधी तिला सगळं सांगा तुम्ही. समजून घेऊन ती हो म्हणाली, तर मी सही करतो." तनू, याच पायी त्यांनी जन्मभर ज्युनिअर डॉक्टरांना ऑपरेशन थिएटरच्या दारातून परत पाठवलं. भूल द्यायची तयारी करून मी आत उभी, आणि हे म्हणणार, पेशंटला नीट सांगून या. मी तेव्हाही चिडायचे. काल तर त्यांच्या अंगावर ओरडले, मग कागद फाडला, आणि बसून हे लिहायला घेतलं. तर आता तुला सगळं सांगून झालंय, माझ्याकडे न सांगितलेलं काही उरलं नाही. मी, वीणा, तनूची आई, तिला दीक्षा घ्यायला परवानगी देते. ती मी परत घेणार नाही. तू ये, नको येऊस, आधी येऊन बाबांना भेट आणि मग जा, काहीही ठरव, परवानगी तशीच राहील, आणि अनयशी मी बोलेन. हे सगळं कळल्यावरही तुझं उत्तर हो असेल तर मला तेवढं फोनवर सांग. मी त्यांना टाय बांधून टेबलाशी बसवीन, नवा कागद आणि पेन देईन, आणि पेशंटला सगळं सांगितलंय म्हणून सांगेन.

उत्तर काहीही असलं तरी तुझीच,
आई